कंबरेएवढी चूल

चुलीपुढून उठायचं गोजरबाईंचं एक तंत्र होतं, आणि गेल्या पावसाळ्यापासून ते त्यांनी घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं.

शेवटची भाकरी टोपल्यात पडली की त्या लगेच उठत नसत. आधी थोरल्या सुनेला, छबूबाईला, काहीतरी काम सांगून परसात धाडायचं. मग धाकटीला, राहीला, हंडा घेऊन विहिरीकडं. आपण उगाच चुलीतली राख सारखी करत बसायचं. घर रिकामं झालं की पाटावरून एका अंगावर कलंडायचं, दोन्ही हात भुईवर टेकायचे आणि रांगत दारापर्यंत जायचं. चौकट हाताला लागली की तिला धरून, दात आवळून, हळूहळू वर. कमरेतली कळ ओसरेपर्यंत तिथंच टेकून उभं राहायचं. मग पदर सारखा करून, जणू काही झालंच नाही अशा चालीनं ओसरीवर यायचं.

गडीमाणसं धरून अकरा जणांच्या दोन्ही वेळच्या भाकरी. सून म्हणून या मळ्यात आल्याला बेचाळीस वर्षं झाली होती. दोन सुना हाताशी आल्या तरी तवा त्यांनी सोडला नव्हता.

त्या दिवशी राही मध्येच माघारी आली. पाणी शेंदायच्या पोहऱ्याला बांधायचं चऱ्हाट घरातच राहिलं होतं. ती दारात आली तेव्हा सासू भुईवर, चुलीच्या आणि चौकटीच्या अधेमधे, दोन्ही हातांवर टेकलेली.

"आत्याबाई!"

"वरडू नको. एक तर हात दे, न्हाईतर बाजूला हो."

राहीनं बगलेत हात घालून त्यांना उभं केलं. गोजरबाई बुटक्या, अंगानं वाळलेल्या. तरी उठवताना राहीला जोर लावावा लागला.

"कधीपास्नं चाललंय हे?"

"कशाचं कधीपास्नं? पायाला मुंग्या आल्त्या."

राहीनं चौकटीकडं बोट दाखवलं. "इथं हाताचा तेलकट डाग पडलाय, आत्याबाई. एका दिवसात न्हाई पडत असला डाग."

गोजरबाईंनी डागाकडं पाहिलं. तो त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आला नव्हता.

"कुनाला सांगशील तर याद राख," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "चूल हातातून गेली की बाईला घरात कोन इचारतं? सांगनार न्हाई म्हन."

"न्हाई सांगनार," राही म्हणाली.

तो शब्द तिनं दुपारपर्यंत पाळला.

*

लग्न होऊन दोन वर्षं झाली, तरी राही सासऱ्यांशी समोरासमोर बोलली नव्हती. आप्पासाहेब सहा फूट उंच, आवाज विहिरीत घुमल्यासारखा. ते गोठ्यात बैलाची वेसण पाहत होते. कुडाच्या पलीकडून बांगड्या वाजल्या आणि आवाज आला:

"मामा, आत्याबाईंना डाक्टरला दाखवा."

"का? काय झालं?"

"भाकरी झाल्यावर त्यांना उठता येत न्हाई. रांगत दारापतुर येत्यात. कुनी बघू न्हाई म्हनून आमाला बाहेर धाडत्यात. मी सांगितलं म्हनून सांगू नका."

पलीकडची पावलं लगबगीनं निघून गेली. आप्पासाहेब वेसण हातात धरून तसेच उभे राहिले. बेचाळीस वर्षं या बाईच्या हातचं खाल्लं, आणि ती चुलीपुढून उठते कशी हे आपण एकदाही पाहिलेलं नाही. पाहणार कधी? आपण जेवून, हात धुऊन, पान तोंडात टाकून रानाच्या वाटेला लागतो तेव्हाही ती बसलेलीच असते.

दुसऱ्या दिवशी राहुरीचा बाजार होता. गोजरबाईंच्या भावाकडं, पाथर्डीच्या बाजूला, लग्न निघालं होतं. आहेराचं लुगडं घ्यायचं निमित्त करून आप्पासाहेबांनी बायकोला एस्टीत बसवलं आणि बाजाराऐवजी थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता. गुडघे दाबून पाहिले, पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत चाचपला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि खुर्ची जवळ ओढून बसला.

"मावशी, चुलीपुढं रोज किती वेळ बसता?"

"सकाळी दोन घंटे. सांच्याला तेवढंच."

"शिवाय खुरपणी, शेण, धुणं. सगळं वाकून नाहीतर उकिडवं बसून. जेवता कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"तेव्हा काय उरतं?"

"भाकरी उरती की," गोजरबाई अभिमानानं म्हणाल्या. "माझ्या घरात भाकरी कमी पडत न्हाई."

"आणि कालवण? भाजी?"

गोजरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आप्पासाहेबांनी खाली पाहिलं.

डॉक्टर त्यांच्याकडं वळून बोलू लागला. "यांच्या अंगात रक्त कमी आहे. गोळ्या देतो, पण गोळ्यांनी अर्धंच काम होईल. रोज पालेभाजी पोटात गेली पाहिजे. मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा. सगळं तुमच्या रानात पिकतं, विकत आणायला नको. जेवण वेळेवर. आणि गुडघे मोडून बसणं बंद. हंडा उचलायचा तर कंबरेत वाकायचं नाही, पाठ ताठ ठेवायची. चूल कंबरेएवढी उचला, उभ्यानं स्वयंपाक करू द्या. नाहीतर आणखी दोन वर्षांनी यांना उचलून न्यायला माणूस लागेल."

परतीच्या एस्टीत गोजरबाई हसत होत्या. "उभ्यानं भाकरी! हाटेलवाल्यावानी! अवं, उभ्यानं सैपाक केला तर घरातली लक्ष्मी बी बसायची न्हाई, उभ्या उभ्याच निघून जाईल."

आप्पासाहेब खिडकीबाहेर पाहत राहिले. मुळेच्या कालव्याचं पाणी दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळानंतर पहिल्यांदाच एवढं भरून चाललं होतं. गहू पिवळा पडत आला होता. त्यांच्या डोक्यात काहीतरी ठरत होतं, आणि त्यांनी काही ठरवलं की ते कुणाला विचारत नसत. चूक तिथंच झाली.

*

गोजरबाई पाच दिवसांसाठी भावाकडं गेल्या, आणि दुसऱ्याच सकाळी कारभारी मिस्त्री थापी-ओळंबा घेऊन मळ्यात आला.

छबूबाईनं त्याला स्वयंपाकघरात शिरताना पाहिलं. ती या घरात येऊन चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं ती सासूच्या डाव्या हाताला बसून पीठ मळत आली होती. आज ना उद्या आत्याबाई उठतील आणि त्या पाटावर आपण बसू, एवढाच तिचा हिशोब होता. आता पाटच राहणार नव्हता. आणि असला ओटा म्हणे केडगावला राहीच्या माहेरी होता. नगरच्या जवळची माणसं ती, त्यांची चालच निराळी.

"तुमच्या धाकट्या भावजयीचं डोकं हाय हे," ती नवऱ्याला, गोरखनाथला, म्हणाली. "आज चूल हलवली, उद्या आमाला हलवंल."

गोरखनाथ शांत माणूस. पण आईच्या चुलीचा प्रश्न होता म्हणून तो वडिलांसमोर गेला.

"आप्पा, आईला इचारलं का?"

"इचारलं तर ती न्हाई म्हनंल."

"म्हनून न इचारता?"

"ती रांगती, गोरख!" आप्पासाहेबांचा आवाज एकदम चढला आणि तसाच उतरला. "तुझी आई लेकरावानी रांगती. तू बघितलंस कधी? मी बी न्हाई बघितलं."

गोरखनाथ वाटेतून बाजूला झाला.

आतून कारभारीनं हाक दिली, "आप्पा, उंची किती धरू?"

"डाक्टर म्हनला कंबरेएवढी."

कारभारीनं सुतळी घेतली, आप्पासाहेबांच्या पायाच्या अंगठ्याखाली एक टोक दाबलं, दुसरं त्यांच्या कमरेपर्यंत नेलं आणि गाठ मारली. त्या गाठीबरहुकूम तीन दिवसांत दगड-मातीचा भक्कम ओटा उभा राहिला. वर दोन वैलांची, म्हणजे दोन भांडी बसतील अशी चूल, मागं भिंतीतून बाहेर काढलेलं धुराडं. जुनी चूल फोडून तिथली जागा शेणानं सारवून सपाट केली.

माप घेतलं तेव्हा राही घासाच्या वाफ्यात होती. ओटा पुरा झाल्यावर सांजेला येऊन त्याच्याशी उभी राहिली, तर ओटा तिच्या बरगड्यांना लागला. तिनं ओढलेल्या पदराआड कपाळावर हात मारून घेतला.

"अवं, हा लई उंच झालाय," ती नवऱ्याला म्हणाली. कानिफनाथ साखर कारखान्यावरून नुकताच सायकलवर आला होता.

"आता कुठं बोलतीस? आप्पा सकाळपास्नं चार जनांना आनून दाखवत्यात. लई खूश हायेत."

*

गोजरबाई परत आल्या त्या लेकीला घेऊनच. लंकाबाई पाथर्डीकडं दिलेली. मामाच्या घरच्या लग्नात आईला भेटली आणि दहा-बारा दिवसांसाठी माहेरी आली. एस्टीतून उतरल्यापासून दोघी हसत-बोलत होत्या. लग्नातल्या बुंदीचं गाठोडं ठेवायला गोजरबाई सरळ आत गेल्या.

गाठोडं तसंच हातात धरून त्या माघारी वळल्या.

मग त्या दारात आल्या. "माझी चूल कुठं हाय?"

आप्पासाहेब ओसरीवरून उठले. "अगं, डाक्टर म्हनला व्हता ना, म्हनून..."

"मानूस गेल्यावर त्याच्या वस्तू मोडून काढत्यात. मी जिती हाय अजून."

एवढं बोलून त्यांनी गाठोडं लेकीच्या हातात दिलं, अंगणात गेल्या, चिंचेखाली तीन दगड मांडले आणि तिथं जाळ केला. छबूबाईनं कुणाकडं न पाहता काठवट उचलली आणि त्यांच्या मागोमाग गेली.

तिथून घराचे दोन भाग झाले. अंगणात गोजरबाई, छबूबाई आणि त्यांच्या बाजूनं दंड थोपटून उभी राहिलेली लंका. आत एकटी राही, दोन पाटांवर चढून, डगमगत, उंच ओट्यावर भाकरी थापताना. तिची भाकरी कडेला फाटायची, धुराडं मात्र झकास ओढायचं. आप्पासाहेब अर्धी भाकरी आत खायचे आणि अर्धी बाहेर, म्हणजे कुणाचा अपमान नको. कानिफला दोन्हीकडं पोटभर जेवावं लागायचं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आप्पा, काय तरी करा. मला आता सायकल चालवता येत न्हाई."

चौथ्या दिवशी लंकेनं राहीला गाठलं. "वहिनी, दोन वर्सांत घर ताब्यात घ्यायला निघालीस व्हय? आईच्या चुलीवर डोळा?"

राहीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज फुटला तो कणखर. "वन्सं, उद्या सकाळी भाकरी झाल्या की तुमी गोठ्याच्या कुडाआड उभ्या ऱ्हावा. आत्याबाई सगळ्यांना कामाला धाडतील. तुमी जाऊ नका. बघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

लंका गेली ती राहीला खोटं पाडायलाच.

सकाळी शेवटची भाकरी उतरली. "छबू, वासरू बघ सुटलंय का. लंके, तू म्हशीला पानी दाव." दोघी गेल्या. लंका कुडाआड थांबली. आई एका अंगावर कलंडली. हात टेकले. इथं चौकट नव्हती. चिंचेचं खोड सहा हातांवर होतं. खडे, काटक्या, सांडलेली राख, त्यातून आई गुडघ्यांवर सरकत खोडाशी पोचली, सालीत बोटं रुतवून अर्धी उठली, आणि घसरून परत खाली बसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली. कोंबड्या भोवती दाणे टिपत होत्या.

लंका धावली.

"सांगू नको," आई म्हणाली. तिला पहिलं तेच सुचलं.

"दुष्काळी कामावर सहा महिने खडी फोडली मी, आई," लंका तिला कवेत घेत म्हणाली. "उन्हात, पाठीला लेकरू बांधून. पन अशी रांगले न्हाई गं कधी. तू कुनापास्नं लपवतीस? आप्पांना ठावं हाय. राहीवहिनीनं सांगितलं आसनार."

"तिनं? मी शपथ घातल्ती तिला!"

"मोडली म्हनून तर तुला डाक्टर दिसला. आमी पोटची पोरं. आमाला कुठं दिसलं?"

गोजरबाईंनी लुगड्यावरची राख झटकली. लेकीच्या खांद्याला धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. हा आधार चौकटीपेक्षा बरा होता, पण हे त्यांनी मनातच ठेवलं.

*

रविवारी कानिफला सुट्टी होती. लंकेनं सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. राहिलेला गिलावा करायला आलेला कारभारीही कोपऱ्यात थांबला, जावं की बसावं या पेचात.

आप्पासाहेबांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. एवढ्या लोकांसमोर बायकोशी बोलायची त्यांना सवय नव्हती.

"चूक झाली," ते म्हणाले. "मोडायची तर आत्ता मोडू. कारभारी हितंच हाय. पन पुन्हा भुईवर चूल मांडलेली मी खपवून घेनार न्हाई..." ते थांबले. "न्हाई. तसं बी न्हाई. तू सांगशील तसं."

छबूबाई सासूच्या मागं, राही दाराआड. गोजरबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ते दुसऱ्याचं उत्तर ऐकायला कधी थांबत नसत; आज थांबले होते.

"मला इचारलं आसतं तर मी न्हाई म्हनले आसते," गोजरबाई म्हणाल्या.

"ठावं हाय."

"दुसऱ्यांदा इचारलं आसतं तरी न्हाईच म्हनले आसते."

"ते बी ठावं हाय."

"तिसऱ्यांदा व्हय म्हनले आसते. तुमी तिसऱ्यांदा इचारायचं व्हतं."

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. त्यांच्या मिशा हलल्या. रडू की हसू, कुणाला कळलं नाही.

मग गोजरबाई ओट्याकडं गेल्या. आल्यापासून त्यांनी त्याला हातही लावला नव्हता. आज समोर उभ्या राहिल्या, तर ओट्याची कड त्यांच्या छातीला आली. टाचा उंचावल्या, मान ताणली. वैलावरच्या पातेल्याच्या आत काय आहे ते त्यांना दिसेना. फक्त पातेल्याचा काठ आणि त्यावर त्यांचं नाक.

त्या वळल्या. "कारभारी, ही कंबर कुनाची?"

कारभारीनं थापी पाठीमागं लपवली. "आप्पांची, वैनी. सुतळीनं माप घेतल्तं."

सगळ्यांत आधी, दहा दिवसांत एकदाही न हसलेली छबूबाई फिस्सकन हसली. तिनं तोंडावर पदर दाबला, पण खांदे हलायचे थांबेनात. मग लंका. मग कानिफ भिंतीला टेकून खाली बसला. गोरखनाथनं हसू लपवायला खोकला काढला तो त्याच्याच घशात अडकला. दाराआडून राहीचा बारीक किणकिणाट आला.

"अगं, डाक्टर कंबरेएवढी म्हनला!" आप्पासाहेब ओरडले. "कुनाच्या, ते त्यानं सांगितलं न्हाई!"

"तुमच्या मापानं बांधली तर ऱ्हांधा तुमीच," गोजरबाई म्हणाल्या, आणि त्याही हसू लागल्या. हसता हसता त्यांनी आधाराला ओट्याचीच कड धरली.

हसू ओसरल्यावर त्यांनी हात पुढं केला. "सुतळी आना."

कारभारीनं सुतळी दिली. गोजरबाई भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या, हात कोपरात मोडला. "भाकरी थापताना हात हितं पायजे. खांदे वर जाता कामा न्हाई, कंबर वाकता कामा न्हाई." मग क्षणभर विचार करून म्हणाल्या, "माझ्या एकटीपुरतं माप घेऊ नका. मी आसून आसून किती वर्सं? ह्या दोघी चाळीस वर्सं उभ्या ऱ्हायच्या हायेत हितं. राहे, आड काय लपलीस? ये म्होरं. छबू, तू बी."

तिघी भिंतीला ओळीनं उभ्या राहिल्या. छबूबाई उंच, राही मधली, गोजरबाई सगळ्यांत बुटक्या. सुतळी तिघींच्या कोपराखालून फिरली आणि तीन ठिकाणी आली.

"आता?" कारभारीनं विचारलं.

गोजरबाईंनी सुतळी थोरल्या सुनेच्या हातात ठेवली. "ही सांगंल. चौदा वर्सं माझ्या शेजारी बसलीय. माझा हात कुठवर जातो, तिच्याइतकं कुनाला ठावं न्हाई. छबू, गाठ तू मार."

छबूबाईनं सासूकडं पाहिलं. मग राहीकडं. "राहे, तुझ्या कोपरावर मारली तर माझी पाठ थोडी वाकंल, पन आत्याबाईंना पुरंल. चार बोटं वर घ्यावी का?"

"दोन बोटं घ्या, बाई," राही म्हणाली. "आत्याबाईंना पायाखाली फळी देऊ."

"दोन बोटं," छबूबाईनं ठरवलं आणि गाठ मारली. दहा दिवसांत दोघी जावा एकमेकींशी पहिल्यांदा बोलल्या होत्या, आणि बोलल्या त्या दोन बोटांबद्दल.

कारभारीनं पहार उचलली. पहिला घाव पडणार, तेवढ्यात गोजरबाई म्हणाल्या, "थांब. सगळा नको मोडू. धुराड्याकडचा कोपरा तेवढा तसाच ऱ्हाऊ दे. एक वैल मावंल एवढा."

"तो कशाला, वैनी? तिथं तुमचा हात पोचायचा न्हाई."

"माझा न्हाई. ज्यांचं माप हाय त्यांचा पोचंल. च्या करतील तिथं."

आप्पासाहेबांनी पटका डोक्यावर चढवला. "च्या?" ते म्हणाले. "च्या तर कुनी बी करंल. मी पिठलं करतो."

*

ओटा वाळायला चार दिवस लागले. तोवर सगळ्यांचा स्वयंपाक अंगणातच झाला, पण भुईवर नाही. गोरखनाथनं बैलगाडीची जुनी लाकडी साटी दगडांवर ठेवून तिच्यावर मातीचा थर दिला आणि शेगडी मांडून दिली. राही रोज पाण्याच्या पाटाच्या कडेचा चुका आणि चाकवत आणायची. लंकेनं मटकी भिजवून फडक्यात बांधली. सकाळी मोड आले की आईच्या पुढं वाटी ठेवून ती संपेपर्यंत हलायची नाही. "लेकरू समजलीस का मला?" आई विचारायची. "व्हय," लंका म्हणायची. विहिरीवर ती दोघी वहिनींना दुष्काळी कामावर एका वडाऱ्याच्या बाईनं शिकवलेली रीत दाखवायची: हंड्याला वाकून हात घालायचा नाही, हंड्याजवळ जाऊन गुडघ्यात बसायचं, अंगाशी धरायचा आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. छबूबाई दोन दिवस हसली आणि तिसऱ्या दिवशी तसाच उचलू लागली.

लंका सासरी जायच्या आदल्या दिवशी नवी चूल पेटवली. गोजरबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, ओट्याला पाच बोटं टेकवली, आणि फळीवर उभं राहून पहिली भाकरी स्वतः थापली. हात कोपरातून मोकळा फिरत होता. धूर वर जात होता. डोळ्यांना पाणी आलं ते धुराचं नव्हतं.

मग त्यांनी तवा राहीच्या ताब्यात दिला. छबूबाई थापत होती, राही शेकत होती. कोपऱ्यातल्या उंच वैलाशी आप्पासाहेब उलथनं घेऊन उभे. बेसन कालवण्यापासून फोडणीपर्यंत त्यांना सतरा वेळा विचारावं लागलं आणि सतरा वेळा वेगवेगळी उत्तरं मिळाली. मोहरी तडतडली तेव्हा ते एक पाऊल मागं सरले. जुन्या चुलीशी बसायला त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मांडी घालून ते बायकांत बसले नसते. उभं राहायचं म्हटल्यावर मात्र, मोट धरल्यासारखं, अंगाला सहज जमत होतं.

"मीठ किती?" त्यांनी अठराव्यांदा विचारलं.

"तुमी आता गप टाका," गोजरबाई म्हणाल्या.

"तू सर तिथनं. बस जाऊन," ते म्हणाले. "डाक्टर म्हनला वेळेवर जेवायचं. पिठलं झालं. हीच वेळ."

"पुरुष मानसांच्या आदी?"

"पुरुष मानूस हितं पिठलं ढवळतंय. दुसरी मानसं थांबतील."

लंकेनं आईला ओसरीवरच्या बाजेवर बसवलं, पाय खाली सोडून, पाठीला धान्याचं पोतं. पुढं लाकडी पेटी ठेवली, पेटीवर ताट. ताटात चाकवताची भाजी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा. आप्पासाहेबांनी पातेलं घेऊन स्वतः पिठलं वाढलं. आणि तव्यावरून उतरलेली, आरावर टम्म फुगलेली भाकरी राहीनं हातातून हातात झेलत आणून ताटात टाकली.

गोजरबाईंनी तिला हात लावला आणि चटकन मागं घेतला. वाफ पापुद्र्यातून वर येत होती. त्यांनी बोट फुंकलं, पापुद्रा हळूच उचलला, तुकडा मोडून पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला.

त्या थांबल्या. सगळे त्यांच्याकडं पाहत होते. आप्पासाहेबांना वाटलं, मीठ चुकलं.

"काय झालं?"

गोजरबाईंनी घास सावकाश गिळला. "बेचाळीस वर्सं मी भाकरी केली," त्या म्हणाल्या, "पन तव्यावरची गरम भाकरी अशी लागती, हे मला आज कळलं."

छबूबाईचा हात काठवटीत थांबला. तिच्या ध्यानात आलं, तिची चौदा वर्षं झाली होती. राहीची दोन.

गोजरबाईंनी दुसरा घास मोडला आणि हाक दिली. "छबू, राहे, लंके, तवा गोरखकडं द्या अन् तिघी बी हिकडं या. गार व्हायच्या आधी."

"आई, मला कुठं येतं?" गोरखनाथ म्हणाला.

"उभं ऱ्हाता येतंय न्हवं?"

गोरखनाथ ओट्याशी जाऊन उभा राहिला. छबूबाईनं थापून ठेवलेली भाकरी त्यानं जपून तव्यावर टाकली, पाणी फिरवायचं विसरला, उलटवली तेव्हा ती एका अंगानं काळी झाली. तशीच ती त्यानं बायकोच्या ताटात आणून घातली.

छबूबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं, पदर खोचला आणि पहिला तुकडा मोडला. करपली होती, पण गरम होती. तिनं सगळी खाल्ली आणि दुसरी मागितली.